फर्मवेअर सेटिंगची वाट आणि तिच्यावरचा अधिकार

प्रश्न आता सर्वांचा का झाला

लॅपटॉपचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंतचे काही क्षण यंत्राचा ताबा फर्मवेअरकडे असतो. मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेली ही प्रणाली प्रोसेसर आणि मेमरी कामाला लावते, कोणत्या डिस्कवरून पुढची प्रणाली उचलायची ते ठरवते आणि मग कारभार तिच्या हाती देते. या फर्मवेअरच्या सेटिंगचा पडदा बहुतेकांना वर्षानुवर्षे पाहावा लागत नाही. पण गरज पडली की त्याला पर्याय नसतो. पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली बसवायची असते, आभासी यंत्रे चालवण्यासाठी प्रोसेसरची बंद असलेली सोय चालू करायची असते, किंवा विंडोज बसवताना इंटेलच्या व्हीएमडी व्यवस्थेमागची एसएसडी यादीत दिसतच नाही. ही कामे बरीच वर्षे दुरुस्ती करणारे आणि जाणकार हौशी यांच्यापुरती होती. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने हे चित्र बदलले. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारे सुरक्षा साधन) आणि सिक्युअर बूटची (सुरू होणाऱ्या प्रणालीची सही तपासण्याची) क्षमता या तिच्या अटींमध्ये होत्या. कित्येक यंत्रांत टीपीएम प्रोसेसरमध्येच होते, पण फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि ज्यांनी हा पडदा कधी उघडला नव्हता, अशांनाही तो शोधावा लागला. काही ऑनलाइन खेळही आता सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाहीत.

या विषयावरच्या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात. पहिला मार्गाचा: सेटिंगच्या पडद्यापर्यंत पोचायचे कसे? दुसरा अधिकाराचा: तिथल्या गोष्टी बदलण्याची मुभा कोणाला असावी? या आढाव्याचे म्हणणे असे, की हे दोन प्रश्न सुटे केले तर वादाचा मोठा भाग निवळतो. प्रवेश सोपा ठेवण्याने सुरक्षा ढासळत नाही. ती ढासळते बदलांवर पहारा नसला तर. हे पटण्यासाठी आधी आजची स्थिती कशी घडली ते पाहावे लागेल.

डिप स्विचपासून यूईएफआयपर्यंत

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा सेटिंगचा पडदाच नव्हता. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे मदरबोर्डवरचे बारीक डिप स्विच हलवून सांगावे लागे. १९८४ च्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर जिवंत राहणारी सीमॉस मेमरी आली आणि सेटिंग त्यात साठू लागल्या, पण त्या बदलण्याचा प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॉपीवर मिळे. पुढे आयबीएमशी सुसंगत यंत्रे बनवणाऱ्यांची रीघ लागली. फिनिक्स, अवॉर्ड आणि एएमआय या कंपन्या त्यांना बायॉस, म्हणजे त्या काळचे फर्मवेअर, पुरवू लागल्या आणि सेटिंगचा प्रोग्रॅम बायॉसच्या चिपमध्येच आला. यंत्र स्वतःची चाचणी घेत असताना ठरावीक कळ दाबायची, ही पद्धत याच काळात रुळली. ती कळ कोणती असावी हे मात्र कोणत्याही मानकाने ठरवले नाही. कोणी डिलीट घेतली, कोणी एफ१, कोणी एफ२, कोणी एफ१०. आज प्रत्येक कंपनीची कळ वेगळी दिसते, त्याचे मूळ या राहून गेलेल्या निर्णयात आहे.

जुन्या बायॉसच्या मर्यादा १९९० च्या दशकात जाचू लागल्या. ते १६ बिटी पद्धतीने चाले, त्याला १ एमबीच्या पत्त्यांच्या जागेत काम भागवावे लागे आणि त्याच्या सोबतची एमबीआर ही विभागणी नेहमीच्या डिस्कवर सुमारे २ टीबीपुढे पोचत नसे. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय नावाची नवी रचना आखली. २००५ मध्ये ती अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे सोपवली गेली आणि यूईएफआय हे मानक उभे राहिले. २०११ च्या २.३.१ या आवृत्तीत सिक्युअर बूटची व्यवस्था पक्की झाली. सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रणालीची डिजिटल सही फर्मवेअरने तपासायची आणि ओळखीची नसेल तर ती अडवायची, असे तिचे सूत्र आहे.

मार्गाच्या दृष्टीने कलाटणी २०१२ ची. विंडोज ८ च्या तयारीत मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीरपणे मांडले, की एसएसडी असलेली काही नवी यंत्रे ७ सेकंदांच्या आत सुरू होतात आणि त्यात एफ२ किंवा एफ८ दाबण्यासाठी उरणारी संधी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी असते. इतक्या अल्प वेळात माणसाने पडद्यावरची सूचना वाचून कळ दाबणे अशक्यच. हा वेग मिळतो तो काही कामे टाळून. जलद बूट चालू असले की फर्मवेअर सगळी उपकरणे शोधत बसत नाही. ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तेवढीच जागी करते, आणि यूएसबीला जोडलेला बाहेरचा कीबोर्ड अनेकदा त्यातून सुटतो. कळ योग्य वेळी दाबूनही काही घडत नाही, याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

आजचे तीन मार्ग

पहिला मार्ग कळांचाच आहे आणि तो पुष्कळ लॅपटॉपवर अजून चालतो. डेल, एसर आणि असूसच्या यंत्रांवर सामान्यतः एफ२, एचपीवर एफ१० किंवा आधी एस्केप, लेनोव्होच्या थिंकपॅडवर एफ१ किंवा एंटर, तर आयडियापॅडवर एफ२ अशी वाटणी दिसते. बटण दाबल्याबरोबर ती कळ भराभर टिचकत राहणे, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा नेहमीचा शिरस्ता. लॅपटॉपच्या वरच्या कळांवर आवाज, प्रकाश अशी कामे सोपवलेली असल्याने काही यंत्रांवर सोबत एफएनही दाबावी लागते. शिवाय विंडोजचे जलद स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो आणि पुढची सुरुवात पूर्ण सुरुवात नसते. ‘रीस्टार्ट’ने मात्र पूर्ण फेरी होते. म्हणून कळ लागत नसेल तर यंत्र बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करणे अधिक भरवशाचे ठरते.

दुसरा मार्ग प्रणालीच्या आतून जातो. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडले की निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि शेवटी यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असा क्रम आहे. शटडाउन आज्ञेला रीस्टार्टच्या खुणेबरोबर एफडब्ल्यू ही खूण जोडूनही हेच साधते. लिनक्समध्ये सिस्टमडीच्या रीबूट आज्ञेला फर्मवेअर सेटअपचा पर्याय आहे आणि ग्रब मेनूतही ही ओळ बहुधा असते. या सगळ्यांच्या मुळाशी यूईएफआय मानकातली एकच तरतूद आहे. प्रणाली फर्मवेअरच्या कायमस्वरूपी स्मृतीत एक बिट मांडून ठेवते, ‘पुढच्या वेळी थेट सेटिंगमध्ये थांब’ असा त्याचा अर्थ. सुरू होताना फर्मवेअर ते वाचते आणि थांबते. ही सोय आपल्याकडे आहे असे फर्मवेअरने आधी जाहीर केलेले असेल तरच मेनूत पर्याय दिसतो. विंडोज जुन्या बायॉस पद्धतीने बसवलेली असेल, तर तो गायब असण्याचे कारणही हेच.

तिसरा मार्ग स्वतंत्र बटणाचा. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर नोव्हो नावाचे बटण किंवा पिनेने दाबायचे छिद्र असते. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवर आवाज वाढवण्याचे बटण धरून पॉवर दाबायचे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारे मॅक २०२० पासून आले. त्यांत यूईएफआय नाही, पण पॉवर बटण दाबून धरले की सुरुवातीचे पर्याय समोर येतात. या मार्गांत क्षण पकडण्याची कसरत नसते आणि डिस्कवरची प्रणाली धडधाकट असण्याचीही अट नसते.

चार भूमिका

पहिली भूमिका प्रणालीतून जाणाऱ्या मार्गाच्या बाजूची आहे. वापरकर्त्याला कंपनीगणिक कळा पाठ कराव्या लागू नयेत, स्पर्शपडद्याच्या यंत्रांनाही वाट मिळावी आणि रोजच्या सुरुवातीतले सेकंद क्वचित लागणाऱ्या कामासाठी वाया जाऊ नयेत, असे तिचे म्हणणे. हे म्हणणे वजनदार आहे. तीस वर्षांत कळांचे जे मानकीकरण झाले नाही, ते मानकातल्या एका बिटाने साधले, कारण त्यावर विंडोज आणि लिनक्स दोघांचेही एकमत झाले. प्रणालीच बिघडली तर काय, या आक्षेपालाही या बाजूकडे उत्तर आहे: लागोपाठ सुरुवात फसली की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते आणि सेटिंगचा पर्याय तिथेही असतो.

दुसरी भूमिका दुरुस्ती करणाऱ्यांची आणि एकाहून अधिक प्रणाली वापरणाऱ्यांची. दुरुस्तीचा पडदाही डिस्कवरच असतो. डिस्क बदलली, तो भाग पुसला गेला किंवा आत विंडोजच नसेल, तर हे उत्तर निरुपयोगी होते, आणि सेटिंगची खरी निकड नेमकी अशाच वेळी पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी झाली. तेव्हा हजारो कार्यालयांत माणसांना यंत्रापाशी बसून प्रणालीबाहेरून दुरुस्ती करावी लागली आणि पुष्कळ ठिकाणी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलुपाची रिकव्हरी की हाताशी नसल्याने काम अडले. या घटनेचा दाखला दोन्ही बाजू देऊ शकतात. दुरुस्तीचा पडदा उपयोगी पडला हे खरे, तसेच चालू प्रणालीवर विसंबून राहणे किती नाजूक आहे हेही तिने दाखवले.

तिसरी भूमिका संस्थांच्या सुरक्षा विभागांची. फर्मवेअरमध्ये शिरलेला घातक प्रोग्रॅम प्रणाली पुन्हा बसवूनही जात नाही. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने उघडकीस आणलेला लोजॅक्स हा प्रत्यक्ष हल्ल्यात सापडलेला पहिला यूईएफआय रूटकिट. २०२३ मधील ब्लॅकलोटस तर सुरुवातीच्या टप्प्यातच घुसून सिक्युअर बूटला बगल देत असे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने बायॉसच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्येच काढली होती. चोरीला गेलेला लॅपटॉप कोणीही पेन ड्राइव्हवरून सुरू करू नये किंवा कर्मचाऱ्याने सिक्युअर बूट बंद करू नये, म्हणून संस्था पर्यवेक्षक पासवर्ड लावतात. काही यंत्रांवर तर दूरस्थ व्यवस्थापनातून सेटिंगच गोठवता येतात.

चौथी भूमिका मालकाच्या हक्काची. सिक्युअर बूटची सक्ती होणार हे २०११ मध्ये दिसू लागले, तेव्हा लिनक्सचे विकसक मॅथ्यू गॅरेट यांनी लिनक्सपुढच्या अडचणी मांडल्या आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मोहीम उघडली. विंडोज ८ च्या प्रमाणन अटींत इंटेल व एएमडीच्या यंत्रांवर ही तपासणी बंद करण्याची मुभा मालकाला देणे बंधनकारक झाले. एआरएम यंत्रांवर मात्र ती मुभा देण्यास मनाई होती. विंडोज १० च्या वेळी हे बंधन उत्पादकांच्या इच्छेवर सोडले गेले. व्यवहारात बहुतेक लॅपटॉपवर मुभा अजून आहे आणि प्रमुख लिनक्स वितरणे मायक्रोसॉफ्टने सही केलेल्या शिम या छोट्या प्रोग्रॅममुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात. तरी या भूमिकेचा मुद्दा त्यामुळे निकालात निघत नाही. विकत घेतलेल्या यंत्रात काय चालावे हा निर्णय कोणाच्या मर्जीवर न राहता मालकाचा हक्क म्हणून असावा, असे तिचे म्हणणे आहे.

पुरावा कोणत्या दिशेने जातो

चारही भूमिका शेजारी ठेवल्या की पहिल्या दोन मार्गाविषयी बोलतात आणि नंतरच्या दोन अधिकाराविषयी, हे ध्यानात येते. मार्गाच्या बाबतीत खरा विरोध नाहीच. प्रणालीतला पर्याय रोजच्या वापरासाठी उत्तम आहे आणि स्वतंत्र बटण अडीअडचणीसाठी आवश्यक आहे. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही. स्वतंत्र मार्गामुळे सुरुवात मंदावेल हा आक्षेप कळांच्या बाबतीत रास्त होता, कारण कळेची वाट पाहायला वेळ लागतो. यंत्र चालू होतानाच धरलेले बटण मात्र फर्मवेअर एका तपासणीत ओळखू शकते. नोव्हो, सरफेस आणि मॅक ही तीन उदाहरणे वेग न गमावता हे साधल्याची साक्ष देतात.

प्रणालीतून फर्मवेअरला हात लावणे धोक्याचे आहे, असाही एक आक्षेप आहे आणि त्याला इतिहास आहे. २०१३ च्या सुरुवातीला लिनक्स सुरू केल्यावर सॅमसंगचे काही लॅपटॉप कायमचे बंद पडले. फर्मवेअरची स्मृती भरली की ते यंत्र उठत नसे आणि विंडोजमधूनही तसे घडवता येते, असे पुढे दिसले. २०१६ मध्ये लिनक्समध्ये चुकून फर्मवेअरच्या नोंदी पुसल्याने काही लॅपटॉप निकामी झाले, त्यानंतर लिनक्सच्या गाभ्यात त्या नोंदींना संरक्षण दिले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये उबंटू १७.१० चे डाउनलोड तात्पुरते मागे घ्यावे लागले, कारण एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपवर फर्मवेअरच्या सेटिंग साठवल्याच जात नव्हत्या. हे दाखले गंभीर आहेत, पण ते प्रणालीतून थेट बदल करण्याविरुद्ध आहेत. सेटिंगच्या पडद्यावर थांबण्याची विनंती करणारा बिट आणि त्या सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने फक्त प्रवेश मिळतो.

अधिकाराच्या बाबतीतही हाच भेद कामी येतो. सुरक्षा विभागांची भीती सिक्युअर बूट बंद होण्याची किंवा बूटचा क्रम बदलण्याची आहे. पडदा दिसण्याने यातले काही घडत नाही. पर्यवेक्षक पासवर्ड लावल्यावर इतरांना सेटिंग वाचता याव्यात पण बदलता येऊ नयेत, अशी रचना कितीतरी लॅपटॉपमध्ये आजही आहे. नुसत्या वाचण्यानेही हल्लेखोराला माहिती मिळते असे कोणी म्हणेल, पण टीपीएम आहे का, सिक्युअर बूट चालू आहे का, हे चालू प्रणालीतही दिसते. उलट पडदाच लपवला, तर यंत्रात काय चालू आहे हे तपासण्याचे मालकाचे साधन जाते. मालकी आणि सुरक्षा यांचा मेळ घालण्याचे प्रयोगही झाले आहेत. अ‍ॅपलच्या चिपवरील मॅकमध्ये सुरक्षा शिथिल करता येते, पण त्यासाठी यंत्रापाशी हजर राहून बटण धरावे लागते आणि मालकाचा पासवर्ड द्यावा लागतो. क्रोमबुकच्या विकसक स्थितीत जाताना आतला वैयक्तिक डेटा पुसला जातो. दूरवरून हल्ला करणाऱ्याला यंत्रापाशी हजर राहता येत नाही आणि चोराच्या हाती डेटा लागत नाही. हक्क मात्र मालकाकडेच राहतो.

अनिर्णित राहिलेले

काही प्रश्नांना अजून उत्तर नाही. पहिला, जुन्या यंत्रांचा. पूर्वी सीमॉसची बॅटरी काढली की फर्मवेअरचा पासवर्ड जाई. आता तो अशा चिपमध्ये असतो जिला बॅटरीची गरज नाही. थिंकपॅडचा पर्यवेक्षक पासवर्ड हरवला तर मदरबोर्ड बदलणे हाच कंपनीचा अधिकृत उपाय आहे. चोरीला आळा म्हणून हे योग्य, पण कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोचतात, तेव्हा आधीच्या मालकाने न काढलेला पासवर्ड नव्या मालकाला जन्माची अडचण होतो. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. त्या चर्चेचा भर सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि वॉरंटी यांवर राहिला. मालकी बदलताना फर्मवेअरचे कुलूपही हस्तांतरित व्हावे, हा विचार अजून रुजायचा आहे.

दुसरा प्रश्न सुलभतेचा. दृष्टिहीन व्यक्ती प्रणालीच्या मेनूतून सेटिंगपर्यंत पोचू शकते, पण नेहमीच्या लॅपटॉपवर आत गेल्यावर वाचून दाखवणारे कोणी नसते. अ‍ॅपलच्या रिकव्हरीमध्ये व्हॉइसओव्हर चालते, म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. भाषेचेही तसेच. यूईएफआय मानकात अनेक भाषांतल्या मजकुराची तरतूद आहे, पण त्यातली साधी अक्षरव्यवस्था ठरावीक मापाच्या चौकटींवर उभी आहे. देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरे तीत नीट बसत नाहीत, आणि ज्या पडद्यावरची चूक सर्वांत महाग पडते तो मराठी वाचकाला परक्या भाषेत वाचावा लागतो.

तिसरा प्रश्न विश्वासाच्या साखळीचा. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये काढलेल्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपण्याचा क्रम आहे आणि त्यांच्या जागी नवी पोचवण्याचे काम फर्मवेअर व प्रणाली दोघांवर अवलंबून आहे. २०२४ मध्ये बायनार्ली या संस्थेने दाखवले, की अनेक उत्पादकांच्या यंत्रांत चाचणीपुरती असलेली, भरवसा ठेवू नये अशी खूण असलेली कीच विक्रीला गेली होती. ज्याच्याकडे अधिकार सोपवायचा तोच चुकू शकतो, तेव्हा मालकाला पाहता आणि गरजेनुसार बदलता येणे हीसुद्धा सुरक्षेचीच एक बाजू ठरते.

निष्कर्ष

सेटिंगपर्यंत पोचण्याचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या सुटलेला आहे. प्रत्येक लॅपटॉपवर प्रणालीतला पर्याय आणि त्यावर न विसंबणारे एक स्वतंत्र बटण अशा दोन वाटा असाव्यात आणि दुसरी वाट यंत्रावर किंवा माहितीपुस्तिकेत ठळक सांगितलेली असावी, एवढेच उत्पादकांकडे मागायचे आहे. अधिकाराचा प्रश्न धोरणाचा आहे. त्यात वाचणे सर्वांना खुले, बदलणे पासवर्ड आणि प्रत्यक्ष हजेरीच्या पहाऱ्यात आणि त्या पहाऱ्याची किल्ली मालकाकडे, ही तडजोड चारही बाजूंच्या रास्त चिंता सांभाळते. वाचकांनी स्वतःपुरती तीन कामे आजच करावीत. बिटलॉकर चालू असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर जपून ठेवावी, कारण सिक्युअर बूट किंवा टीपीएममध्ये बदल होताच ती मागितली जाऊ शकते. फर्मवेअरला पासवर्ड लावला असेल तर तो लिहून सुरक्षित ठेवावा. आणि वापरलेला लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी दुकानातच सेटिंगचा पडदा उघडून, तिथली एखादी सेटिंग बदलता येते याची खात्री करून घ्यावी.